वेबसाइटवर खरंच किती माणसं येतात? पैसे मोजण्याआधी आकडे वाचा

होस्टिंगची मुदत संपत आली की छोट्या व्यावसायिकाला ठरावीक फोन आणि ईमेल येऊ लागतात. होस्टिंग कंपनी म्हणते, "तुमचं ट्रॅफिक वाढलंय, वरचा प्लॅन घ्या." वेबसाइट सांभाळणारी एजन्सी म्हणते, "महिन्याला लाखभर हिट्स मिळवून दिल्या, आता फी वाढवावी लागेल." आणखी कोणी दहा हजार व्हिजिटर स्वस्तात आणून द्यायची तयारी दाखवतो. तिघेही एखाद्या आकड्याच्या जोरावर पैसे मागत असतात. तो आकडा कशाचा आहे हे ग्राहकाला कळत नाही, आणि विचारायचा संकोच वाटतो. म्हणून तो पैसे भरून मोकळा होतो.

हे थांबायला हवं. छोट्या वेबसाइटला लागणारी आकडेवारी जवळजवळ सगळी होस्टिंगच्या भाड्यात आधीच आलेली असते किंवा फुकट मिळते. महाग पडतो तो चुकीचा आकडा धरून घेतलेला निर्णय. त्यामुळे नवीन काही विकत घेण्याआधी हातात असलेले आकडे वाचायला शिकावं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. डोंबिवलीतलं एक घरगुती दुकान परदेशातल्या मराठी कुटुंबांना दिवाळीचा फराळ पाठवतं. ऑर्डर वेबसाइटवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर येते. या दुकानाचे पुढचे सगळे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत.

भाड्यात आधीच काय मिळतं

भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच शेअर्ड होस्टिंगमध्ये सीपॅनेल हा नियंत्रण-फलक असतो. त्यात 'मेट्रिक्स' नावाचा विभाग उघडा. तिथे एडब्ल्यूस्टॅट्स, वेबअलायझर, बँडविड्थ, एरर्स आणि रॉ अ‍ॅक्सेस अशी चिन्हं दिसतात. यांच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. काही कंपन्या एडब्ल्यूस्टॅट्स बंद ठेवतात. तसं असेल तर सपोर्टला लिहून ते सुरू करायला सांगा. काही कंपन्यांचा फलक स्वतःचा असतो, तिथे हीच माहिती वेगळ्या नावाखाली सापडते.

एडब्ल्यूस्टॅट्स सर्व्हरची नोंदवही वाचतं. तुमच्या वेबसाइटची कोणतीही फाइल कोणीही मागितली की सर्व्हर एक ओळ लिहितो: कोणत्या आयपी पत्त्यावरून मागणी आली, किती वाजता, कोणती फाइल, ती मिळाली की नाही. एडब्ल्यूस्टॅट्स या ओळींची बेरीज करून तक्ते बनवतं. मागणी माणसाने केली की यंत्राने, हे त्या ओळीवरून दर वेळी ओळखता येत नाही. पुढचा बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

रॉ अ‍ॅक्सेसमध्ये मूळ नोंदी मिळतात. त्या साठवण्याचं सेटिंग चालू करून ठेवा, नाहीतर जुन्या महिन्यांच्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. एजन्सीशी किंवा होस्टिंग कंपनीशी वाद झाला तर हाच तुमचा पुरावा.

पाच रकाने, पाच वेगळे अर्थ

समजा, फराळाच्या दुकानाचा ऑक्टोबरचा तक्ता असा आहे: हिट्स ९६,०००, पेजेस १४,०००, व्हिजिट्स ५,२००, युनिक व्हिजिटर्स ३,४००.

*हिट्स.* एक पान उघडलं की त्यातला प्रत्येक फोटो, रचनेची प्रत्येक फाइल आणि प्रत्येक स्क्रिप्ट वेगळी मागितली जाते. चकली, लाडू, करंजीचे चाळीस फोटो असलेलं पान एकाने एकदा पाहिलं तरी पन्नासेक हिट्स पडतात. हिट्स सांगून यश मोजणं म्हणजे पंगतीला किती माणसं बसली ते सोडून किती वाट्या वाढल्या ते सांगणं. पानावर आणखी फोटो टाकले की एकही नवा ग्राहक न येता हा आकडा वाढतो.

*पेजेस.* किती पानं मागितली गेली, हा आकडा हिट्सपेक्षा बराच उपयोगी आहे. पण यात आक्रमक यंत्रांनी मागितलेली पानंही मिसळलेली असू शकतात.

*व्हिजिट्स.* एका पत्त्यावरून सलग केलेली पाहणी म्हणजे एक भेट. मध्ये किती वेळ गेला की नवी भेट धरायची, याचा नियम प्रत्येक साधनाचा वेगळा आहे. एडब्ल्यूस्टॅट्स ६० मिनिटं धरतं, गुगल अ‍ॅनालिटिक्स मुळात ३० मिनिटं. त्यामुळे दोन साधनांचे आकडे कधीच जुळणार नाहीत, आणि ते जुळवत बसूही नये. कोणतंही एक धरा आणि त्याच्या आकड्यांची तुलना त्याच साधनाच्या गेल्या वर्षीच्या आकड्यांशी करा.

*युनिक व्हिजिटर्स.* हा आकडा डोकी मोजतो असं वाटतं, पण एडब्ल्यूस्टॅट्स आयपी पत्ते मोजतं. भारतात मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, तेव्हा अनेक माणसं मिळून एक दिसू शकतात. उलट एकाच माणसाने सकाळी घरच्या वायफायवरून आणि दुपारी मोबाइल डेटावरून पाहिलं तर तो दोनदा मोजला जातो. बारा महिन्यांचे युनिक आकडे मिळवून वर्षाचा आकडा काढणं तर सरळ चूक आहे, कारण दर महिन्याला येणारा जुना ग्राहक त्यात बारा वेळा मोजला जातो.

*बँडविड्थ.* सर्व्हरने किती माहिती बाहेर पाठवली, ते. प्लॅनच्या मर्यादेशी थेट संबंध असलेला रकाना हाच. हिशेब सोपा आहे: पानाचं सरासरी वजन ३ एमबी आणि महिन्याला ६,००० पानं पाहिली गेली, तर १८,००० एमबी, म्हणजे साधारण १८ जीबी. मोबाइलने काढलेले ४ एमबीचे फोटो २०० केबीवर आणून टाकले तर ही बँडविड्थ झपाट्याने उतरते. वेबसाइट लवकर उघडते ती वेगळीच.

अमेरिका पहिल्या क्रमांकावर दिसते तेव्हा

फराळाच्या दुकानाने देशांचा तक्ता उघडला. पहिल्या क्रमांकावर अमेरिका, भारत तिसरा. न्यू जर्सीतल्या आणि कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांपर्यंत आपण पोहोचलो, असं वाटून कोणाचंही मन भरून येईल. पण लगेच तिकडच्या जाहिरातींवर पैसे लावू नका.

अमेरिकेच्या खात्यातला मोठा हिस्सा यंत्रांचा असू शकतो. गुगलबॉट, बिंगबॉट यांसारखे शोधयंत्रांचे बॉट, वेबसाइट तपासणाऱ्या कंपन्यांचे एएचरेफ्सबॉट आणि सेमरशबॉट, आणि आता एआय कंपन्यांचे जीपीटीबॉट, क्लॉडबॉट हे सतत पानं वाचत फिरतात. मोठमोठी डेटा सेंटर अमेरिकेत आहेत. व्हर्जिनियातलं अ‍ॅशबर्न हे गाव तर त्यासाठीच ओळखलं जातं. शहरांच्या यादीत अ‍ॅशबर्न ठळक दिसलं, तर तिथे मराठी मंडळ शोधायला जाऊ नका.

एडब्ल्यूस्टॅट्स वरच्या सारांशात 'व्ह्यूड' आणि 'नॉट व्ह्यूड' असे दोन भाग दाखवतं. ओळख सांगून आलेले बॉट दुसऱ्या भागात जातात. ब्राउझरचा वेश घेऊन आलेले बॉट मात्र पहिल्या भागात माणसांमध्ये मिसळतात. ते ओळखायच्या खुणा अशा: भेटीचा कालावधी ० ते ३० सेकंद, एकच पान, तेही दिवसरात्र सारख्याच प्रमाणात. माणसं झोपतात, जेवतात, कामाला जातात. त्यांच्या आलेखात चढउतार असतो.

तासांचा तक्ता वाचताना सर्व्हरचं घड्याळ कुठलं आहे ते विचारा. सर्व्हर यूटीसी वेळेवर असेल तर आपल्याकडची रात्री ९ ची गर्दी तिथे दुपारी ३.३० ला दिसते. "दुपारी ग्राहक असतात" म्हणून त्या वेळी जाहिरात लावली तर पैसे वाया जातील.

फुकट मिळणारी जोड

*गुगल अ‍ॅनालिटिक्स ४* पानात बसवलेल्या स्क्रिप्टवर चालतं. ओळखीचे बॉट ते आपोआप वगळतं. पण जाहिरात-रोधक वापरणारे किंवा परवानगी नाकारणारे लोक त्याच्या नजरेतून सुटतात. सर्व्हरची नोंद सहसा जास्त मोजते, स्क्रिप्ट सहसा कमी मोजते, आणि खरी माणसं बहुधा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतात. आपल्या दुकानाचे ३,४०० युनिक इथे ९०० वापरकर्ते दिसले, तर निर्णयासाठी ९०० हा आकडा धरा.

बसवल्या दिवशी एक सेटिंग बदला. सविस्तर विश्लेषणासाठीची माहिती मूळ सेटिंगमध्ये २ महिनेच राहते, ती १४ महिन्यांवर न्या. सणाच्या धंद्याला मागची दिवाळी पाहता आलीच पाहिजे. ती तुलनाही महिन्याशी महिना लावून करू नका. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली, २०२६ ची नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. लक्ष्मीपूजनाआधीचे सहा आठवडे मोजा आणि गेल्या वर्षीच्या तशाच सहा आठवड्यांशी लावा.

*गुगल सर्च कन्सोल* गुगलवर कोणते शब्द टाकून लोकांना तुमची वेबसाइट दिसली, किती जणांनी क्लिक केलं, ते १६ महिन्यांपर्यंत दाखवतं. एडब्ल्यूस्टॅट्समधला शोधशब्दांचा रकाना आता जवळजवळ रिकामा असतो, कारण गुगल ते शब्द पुढे पाठवत नाही. एखादी एजन्सी शोधशब्दांच्या अहवालाचे वेगळे पैसे मागत असेल, तर तो अहवाल मूळ स्वरूपात तुम्हाला इथे फुकट मिळतो.

*मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी* लोक पानावर कुठे थांबतात, कुठे क्लिक करतात ते दाखवतं, तेही फुकट. मात्र यात ग्राहकाच्या वावराचं रेकॉर्डिंग होतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लक्षात घेता गोपनीयता धोरणात ते स्पष्ट लिहा, आणि युरोपात फराळ पाठवत असाल तर तिथल्या ग्राहकाची आधी परवानगी घ्या.

*व्हॉट्सअ‍ॅपचा हिशेब.* व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या लिंकवरून आलेले लोक बहुधा 'डायरेक्ट' या खात्यात दिसतात, म्हणजे कुठून आले ते कळतच नाही. यावर उपाय यूटीएम खुणेचा. लिंकच्या शेवटी स्रोत आणि मोहिमेचं नाव जोडायचं. लिंक बनवून देणारं गुगलचं साधन फुकट आहे. प्रत्येक मोठ्या ग्रुपसाठी वेगळी लिंक बनवली की कोणत्या ग्रुपमधून ग्राहक येतात ते उघड होतं. वेबसाइटवरच्या व्हॉट्सअ‍ॅप बटणावरचे क्लिक अ‍ॅनालिटिक्स बाहेरच्या लिंकवरचे क्लिक म्हणून आपोआप नोंदवतं. फोन नंबरवरचे क्लिक मात्र वेगळी जोडणी केल्याशिवाय नोंदले जात नाहीत.

पैसे देऊन घ्यायची साधनं: खरा खर्च

प्लॉजिबल, फॅदम, माटोमो क्लाउड ही साधनं सुटसुटीत आहेत आणि ग्राहकांच्या माहितीची अधिक कदर करतात. ज्यांना गुगलवर अवलंबून राहायचं नाही, त्यांच्यासाठी ती चांगली निवड आहे. पण जाहिरातीत दिसणारा डॉलरचा आकडा हा अंतिम खर्च नसतो. समजा पॅक महिना ९ डॉलरचा आणि डॉलरचा भाव ९० रुपये:

- मूळ किंमत: ८१० रुपये
- १८ टक्के जीएसटी लागला तर: १४६ रुपये
- कार्डाचं परकीय चलन शुल्क ३.५ टक्के आणि त्यावरचा जीएसटी: साधारण ३९ रुपये
- एकूण: महिना ९९५ रुपये, वर्षाला जवळजवळ १२,००० रुपये

आता हे पैसे शेअर्ड होस्टिंगच्या वर्षाच्या भाड्याशी लावून बघा. बऱ्याचदा ते भाड्याहून जास्त भरतात. स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं माटोमो सॉफ्टवेअर म्हणून फुकट आहे. त्याला पीएचपी आणि मायएसक्यूएल लागतं, म्हणजे ते बहुतेक होस्टिंगवर चालतं. पण ते अद्ययावत ठेवायला जाणकार माणूस लागतो आणि त्याची मजुरी हाच त्याचा खर्च. स्वस्त शेअर्ड प्लॅनवर त्याचा भारही पडतो.

परदेशी साधनाचे पैसे कार्डावरून आपोआप कापले जात असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २४ तास आधी सूचना यायला हवी. ती वाचा. नको असलेली वर्गणी थांबवायची वेळ तीच.

वरचा प्लॅन घ्यावा का?

वेबसाइट बंद पडली आणि '५०९ बँडविड्थ लिमिट एक्सिडेड' असं दिसलं, तर महिन्याची बँडविड्थ संपली आहे. '५०८ रिसोर्स लिमिट' दिसलं, तर सर्व्हरची ताकद कमी पडली आहे. दोन्ही वेळा कंपनी वरचा प्लॅन सुचवते. पैसे भरण्याआधी एडब्ल्यूस्टॅट्समध्ये सर्वाधिक मागितलेल्या पानांची यादी पाहा.

वर्डप्रेसच्या वेबसाइटवर या यादीत 'डब्ल्यूपी-लॉगिन' किंवा 'एक्सएमएलआरपीसी' वर असेल, तर ती पासवर्ड फोडू पाहणाऱ्या यंत्रांची धडक आहे. ग्राहक वाढलेले नाहीत. त्यांच्यासाठी मोठा प्लॅन घेणं म्हणजे चोरांच्या खर्चाचं बिल स्वतः भरणं. आधी लॉगिनच्या प्रयत्नांवर मर्यादा घाला, कॅशे प्लगइन बसवा, फोटो हलके करा, क्लाउडफ्लेअरचा मोफत प्लॅन पुढे लावून नको असलेले बॉट अडवा. एवढं करून महिनाभर थांबा. त्यानंतरही मर्यादा ओलांडली जात असेल आणि अ‍ॅनालिटिक्समध्येही माणसं वाढलेली दिसत असतील, तर वरचा प्लॅन जरूर घ्या.

प्लॅन घेताना नूतनीकरणाचा दर विचारा. समजा महिना १४९ रुपये दाखवून तीन वर्षांचे पैसे एकदम घेतले: ५,३६४ रुपये, जीएसटीसह सुमारे ६,३३०. चौथ्या वर्षी दर ३९९ झाला तर एका वर्षाचेच जीएसटीसह सुमारे ५,६५० रुपये होतात. 'अमर्याद' बँडविड्थ लिहिलेल्या प्लॅनमध्येही सीपीयू, एकावेळच्या प्रक्रिया आणि फाइलींची संख्या यांवर मर्यादा असते. ती पानं वाचा.

एजन्सीला विचारायचे प्रश्न

समजा फराळाचं दुकान एजन्सीला महिना ६,००० रुपये देतं. ९६,००० हिट्सना भागलं तर एक हिट सव्वासहा पैशांना पडते. अहवालात हे फार स्वस्त दिसतं. त्या महिन्यात ऑर्डरी ४० आल्या असतील, तर एका ऑर्डरमागे १५० रुपये गेले. एका पार्सलमागे ४०० रुपये सुटत असतील तर हा खर्च परवडतो. १२० सुटत असतील तर प्रत्येक ऑर्डरला ३० रुपयांचा तोटा आहे, आणि हिट्स वाढल्याने तो भरून निघणार नाही. या ४० पैकी जुने ग्राहक किती होते, तेही वजा करून पाहा.

करार करण्याआधी हे लेखी घ्या:

- अ‍ॅनालिटिक्स आणि सर्च कन्सोलचं खातं कोणाच्या ईमेलवर आहे? मुख्य अधिकार तुमच्याकडेच हवेत, एजन्सीला फक्त प्रवेश द्यावा. खातं त्यांच्या नावावर असेल तर संबंध तुटल्यावर तुमच्या वर्षांच्या नोंदी तिकडेच राहतात.
- अहवालात वापरकर्ते, व्हॉट्सअ‍ॅप क्लिक आणि ऑर्डरी असतील ना? फक्त हिट्सचा अहवाल स्वीकारू नका.
- पैसे देऊन आणलेली आणि आपोआप आलेली माणसं वेगळी दाखवणार का?

स्थानिक न्यूज पोर्टल तुम्हाला जाहिरात विकत असेल तर हेच उलट्या बाजूने विचारा. 'पाच लाख हिट्स' ऐकून घेऊ नका. गेल्या तीन महिन्यांचे वापरकर्ते, ते कोणत्या शहरांतले, हे अ‍ॅनालिटिक्स समोर उघडून दाखवायला सांगा. फराळाच्या दुकानाला परदेशातले मराठी वाचक हवे असतात.

विकत मिळणारे 'व्हिजिटर' घेऊच नका. ते बहुधा यंत्रंच असतात. फराळ त्यांना खायचा नसतो, तुमचे आकडे मात्र ते कायमचे गढूळ करतात. वेबसाइटवर अ‍ॅडसेन्सच्या जाहिराती असतील तर बनावट ट्रॅफिकमुळे खातंही बंद होऊ शकतं.

बिल आणि तक्रार

जीएसटी नोंदणी असेल तर होस्टिंगच्या बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक टाका. १८ टक्क्यांची वजावट मिळू शकते. पैसे भरण्याच्या पानावर आधीच खूण केलेल्या जादा सेवा काढून टाका. ग्राहकाच्या संमतीविना टोपलीत वस्तू सरकवणं आणि वर्गणी रद्द करणं मुद्दाम अवघड करणं, या दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी 'डार्क पॅटर्न' ठरवल्या आहेत.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला लागू होत नाही. पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूंना त्यात अपवाद आहे. घरून फराळ विकणारी व्यक्ती सेवेसाठीही या अपवादावर बोट ठेवू शकते, पण ते मान्य होईलच असं नाही. आधी कंपनीला लेखी तक्रार करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा आयोग आहे. ५ लाख रुपयांपर्यंत मोल दिलेल्या सेवेच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

दर महिन्याला सहा नोंदी

महिन्याच्या पहिल्या तारखेला वहीत किंवा एक्सेलमध्ये मागच्या महिन्याचे हे आकडे लिहा: अ‍ॅनालिटिक्सचे वापरकर्ते, सर्च कन्सोलचे क्लिक, व्हॉट्सअ‍ॅप बटणावरचे क्लिक, आलेल्या ऑर्डरी, वापरलेली बँडविड्थ आणि वेबसाइटवर झालेला एकूण खर्च. स्वतःची नोंद ठेवणं गरजेचं आहे, कारण साधनं बदलतात. गुगलने जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स जुलै २०२३ मध्ये बंद केलं आणि जुलै २०२४ पासून त्यातल्या जुन्या नोंदीही पाहता येईनाशा झाल्या. ज्यांनी त्या उतरवून ठेवल्या नव्हत्या, त्यांचा वर्षांचा इतिहास गेला.

शेवटी खर्च भागिले ऑर्डरी एवढा एकच भागाकार करा. प्लॅन वाढवण्याचा, एजन्सी ठेवण्याचा किंवा नवं साधन घेण्याचा प्रस्ताव आला की पहिला प्रश्न विचारा: यामुळे माझा हा आकडा किती उतरेल? समोरच्याकडे याचं उत्तर असेल तर पुढचं बोलणं करा. नसेल तर पैसे खिशातच राहू द्या.